शिकारी राजाचे रान

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते विमानाने भारतात आले आणि मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडले गेले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. आफ्रिकेचा चित्ता भारतीय मातीवर पहिल्यांदाच पाऊल ठेवतो आहे, असा अनेकांचा समज त्या वेळी झाला. कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून मात्र या बातमीचे तितके अप्रूप वाटले नसेल. ज्यांच्या पूर्वजांनी दरबाराचे चित्ते सांभाळले, ती ‘चित्तेवान’ आडनावाची घराणी या शहरात आजही आहेत. १९१८ ते १९४५ या काळात हिंदुस्थानातील संस्थानिकांनी शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले आणि त्यात भावनगर व कोल्हापूर या दोन दरबारांची नावे ठळक आहेत. (येथे चित्ता म्हणजे बिबट्या नव्हे. उसाच्या फडात पिल्ले घालतो तो बिबट्या. चित्ता हा उघड्या माळावर पळणारा, लांब पायांचा, डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या रेघा असलेला वेगळा प्राणी.)

कोल्हापुरात ही चित्त्याची शिकार रुजवणारे राजे म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती. १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखणारे, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण देणारे, वसतिगृहे काढणारे, राधानगरीचे धरण बांधायला घेणारे शाहू महाराज सर्वांना पाठ आहेत. शिकारी शाहू महाराजांबद्दल मात्र चरित्रांत आठवणीवजा चार किस्से येतात आणि लेखक पुढे सरकतो. थोर पुरुषाचा छंद म्हणून ते सोडून देणे सोयीचे असते. पण शिकार हा त्यांचा फावल्या वेळचा छंद नव्हता. त्यांच्या दिनक्रमाचा, राज्यकारभाराचा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या दुःखाचाही तो भाग होता. शिवाय शिकार ही आमची परंपरा आहे, ती सोडा असे आम्हाला सांगणारे तुम्ही कोण, हा जो वाद आज जगभर चालतो, त्याची जवळजवळ सगळी अंगे या एका आयुष्यात सापडतात.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. मार्च १८८४ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. पुढच्याच वर्षी त्यांना शिक्षणासाठी काठेवाडात राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाडण्यात आले. संस्थानिकांच्या मुलांना इंग्रजी रीतीने वाढवणारी ती शाळा. भाषा, इतिहास, गणित यांच्या जोडीने घोडेस्वारी आणि बंदूक हेही तिथल्या राजपुत्राच्या जडणघडणीतच धरलेले असे. पुढे धारवाडला फ्रेजर यांच्या देखरेखीखाली शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्याची सूत्रे घेतली. उंच, धिप्पाड, कुस्तीत रमणारा हा तरुण राजा तोवर पक्का शिकारी झाला होता.

राजकोटमध्ये त्यांना भावनगरचे भावसिंहजी भेटले. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरून रोज हजारो लोक ये-जा करतात. तो रस्ता याच मित्राच्या नावाचा. चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट मारण्याची हौस भावनगरकडे जोरात होती आणि या मैत्रीतून ती कोल्हापूरला आली. म्हणजे आज ज्याला कोल्हापूरची राजेशाही परंपरा म्हटले जाते, ती चित्त्याची शिकार करवीरच्या मातीतली नव्हे. मोगल दरबारालाही तिची मोठी हौस होती. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे हा खेळ त्या काळी इंग्रज घोडदळाच्या अधिकाऱ्यांनी डोक्यावर घेतला होता. त्याचे नियम, त्याचे भाले आणि त्यातली चढाओढ छावण्यांतून संस्थानांत झिरपली. हत्तींना चेतवून खेळवण्याची साठमारी बडोद्याची. कोल्हापुरात त्या जागेला अजून साठमारी म्हणतात.

मग इथली, या माळांची, खरोखर जुनी शिकार कोणाची? ती फासेपारध्यांची. फासे टाकून तितर, लावे, ससे, हरणे पकडणे हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. दोऱ्यांचे फास, जमिनीत ठोकायच्या खुंट्या, आडोशाला शिकवून तयार केलेला बैल किंवा गाय, आणि पाखरांचे हुबेहूब आवाज काढणारा गळा, एवढे त्यांचे भांडवल. गंमत अशी की, दरबारांना चित्ते पकडून देणारेही बहुतेक पारधीच असत. चित्त्याची एक सवय त्यांना पक्की ठाऊक होती. माळावरच्या ठरावीक झाडांशी चित्ते पुन्हा पुन्हा येतात, खोडावर नखे ओढतात, मूत्राचा फवारा मारून आपली खूण ठेवतात. पारधी त्या झाडाभोवती फास लावून बसत. अलीकडे नामिबियात गळ्यात पट्टे बांधलेल्या चित्त्यांच्या अभ्यासातून या खुणेच्या झाडांचे महत्त्व शास्त्रज्ञांनी नव्याने दाखवून दिले. पारध्यांना ते शेकडो वर्षे माहीत होते.

आणि कायदा काय म्हणत होता? राजाची शिकार हे वैभव, साहेबाची शिकार हा खेळ, पारध्याची शिकार मात्र चोरी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९११ च्या नव्या कायद्याने त्याचा फास सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात आवळला. पोलिसांकडे रोज हजेरी, गाव सोडायला परवानगी, संशयावरून मार. रान राखीव झाले, माळ नांगरला गेला, पोटाला काही उरले नाही आणि मग चोऱ्या होऊ लागल्या, हा त्यातला कार्यकारणभाव कोणी फारसा पाहिला नाही.

तो शाहू महाराजांनी पाहिला. शिकारीच्या निमित्ताने रानोमाळ हिंडणाऱ्या राजाची गाठ या लोकांशी वाड्यात नव्हे, माळावर पडत होती. माग काढण्यात, वाऱ्याची दिशा ओळखण्यात, जनावराची चाल वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे त्यांना कळत होते. त्यांनी फासेपारध्यांना आपल्या चाकरीत घेतले. कोल्हापूरजवळ सोनतळीच्या कॅम्पवर त्यांची वस्ती बसवली. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा, त्यांनाच पहाऱ्याचे काम दिले. दरबारातल्या अनेकांच्या पोटात गोळा आला असेल, पण महाराज स्वतः त्यांच्या सोबतीने निर्धास्त वावरत. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींवरची हजेरीची सक्ती काढून टाकली. पारंपरिक शिकाऱ्याला नुसती बंदी न घालता त्याच्या ज्ञानाला दुसरे, मानाचे काम द्यायचे, हा विचार आज वन्यजीव संरक्षणात नवा म्हणून मांडला जातो. कोल्हापूरच्या एका राजाने तो शंभर वर्षांपूर्वी, संरक्षण हा शब्दही मनात नसताना, अमलात आणला होता.

जनावरांच्या बाबतीत मात्र तेच डोळे तितके दूरवर पाहू शकले नाहीत. चित्त्याची शिकार कशी चाले ते पाहिले म्हणजे त्याचे कारण समजते. डोळ्यांवर टोपी घातलेल्या चित्त्याला गाडीवर बसवून माळावर न्यायचे. बैलगाडीला हरणे बुजत नसत, त्यामुळे गाडी कळपाच्या बरीच जवळ जाई. मग डोळ्यांवरची टोपी काढायची, गळ्याचा पट्टा सोडायचा. चित्ता कळपातला नर हेरून झेपावे. दोन-तीनशे मीटरांत निकाल लागे. एक तर काळवीट खाली आणि गळ्यावर चित्त्याचा जबडा, नाही तर चित्ता दमून बसलेला. चित्तेवान धावत जाई, काळविटाचा गळा चिरून रक्त किंवा मांसाचा तुकडा चित्त्यापुढे धरी आणि त्याला शिकारीवरून सोडवून पुन्हा टोपी चढवी.

ही धाव म्हणजे शरीरशास्त्राचा एक चमत्कारच. २०१३ मध्ये बोट्सवानात चित्त्यांच्या गळ्यात यंत्रे बांधून मोजले, तेव्हा कमाल वेग ताशी ९३ किलोमीटर भरला. पण खरी कमाल त्या वेगाची नव्हती. काही पावलांत वेग घेणे, तितक्याच झटक्यात तो कमी करणे आणि वळणे, यात चित्त्याची ताकद आहे. बहुतेक शिकारी तर याच्या बऱ्याच कमी वेगात होतात. रुंद नाकपुड्या, मोठी फुप्फुसे, मोठे हृदय, लवचीक कणा हे सगळे त्या काही सेकंदांसाठी घडलेले. त्यानंतर तो धापा टाकत पडून राहतो आणि तेवढ्या वेळात दुसरे कोणीही त्याचे भक्ष्य हिसकावू शकते. लढाईसाठी नव्हे, पळण्यासाठी घडलेले हे शरीर. त्यामुळेच तो माणसाच्या हाताला येई. वाघ असा गाडीवर बसून राहणार नाही.

पण शिकार शिकतो तो आईकडून. पिल्लू असताना पकडलेल्या चित्त्याला नीट शिकार येत नाही, म्हणून दरबारांना रानात वाढलेला, आईने शिकवून तयार केलेलाच चित्ता लागे. दुसरी अडचण आणखी मोठी. पिंजऱ्यात चित्त्यांची वीण जवळजवळ होतच नाही. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते होते असे सांगतात. जहांगिराने मात्र चित्त्याच्या एका जोडीला पिल्ले झाल्याची नवलाईने नोंद केली. त्यानंतर पाळीव चित्त्यांना पिल्ले झाल्याची पुढची खात्रीची नोंद थेट १९५६ मधली, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मध्ये साडेतीन शतके कोरडी! म्हणजे प्रत्येक दरबारी चित्ता हा रानातून कायमचा वजा झालेला, पिल्ले घालण्याच्या वयातला चित्ता होता. गोळी न झाडताही शिकार झाली होती, आणि ती काळविटाची नव्हे, चित्त्याची.

यात आणखी एक गोष्ट त्या काळी कोणालाच माहीत असणे शक्य नव्हते. १९८० च्या दशकात संशोधकांनी नात्यात नसलेल्या चित्त्यांच्या त्वचेचे तुकडे एकमेकांवर लावून पाहिले. माणसात अशी परकी त्वचा शरीर थोड्याच दिवसांत झिडकारते. भाजलेल्या रुग्णावर दुसऱ्याची त्वचा कायमची लावता येत नाही ती यामुळेच. चित्त्यांच्या शरीराने मात्र ती जवळपास आपलीच समजून स्वीकारली. हजारो वर्षांपूर्वी ही जात एकदा जवळजवळ संपत आली होती आणि मूठभर जनावरांतून पुन्हा वाढली, म्हणून सारे चित्ते आतून जुळ्या भावंडांसारखे आहेत, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. अशा प्राण्याची संख्या घटली की साथीच्या एका रोगालाही तोंड देणे कठीण. महाराजांच्या उत्तर आयुष्यात हिंदुस्थानच्या रानात चित्ता इतका विरळा झाला होता की संस्थानिकांना आफ्रिकेकडे वळावे लागले. परंपरा टिकवण्यासाठी जनावर आयात करावे लागते, तेव्हा काही तरी चुकते आहे हे उमगायला हवे होते. कोणाच उमगले नाही. डिसेंबर १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधील कोरियाच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातले ते शेवटचे, असे मानले जाते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

त्या काळाच्या मानाने एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर काठेवाडातच आहे. राजकोटपासून गीरचे जंगल फार दूर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गीरचे सिंह बोटांवर मोजण्याइतके उरल्याची हाकाटी झाली, तेव्हा जुनागढच्या नवाबांनी त्यांच्या शिकारीवर बंधने आणली. १९०० मध्ये सिंहाच्या शिकारीचे आमंत्रण असूनही व्हाइसरॉय कर्झन याने ती शिकार टाळली. नवाबही राजेच होते, त्यांनाही शिकारीची परंपरा होती. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले. तेव्हा त्या काळी असे काही सुचणे शक्यच नव्हते, असे म्हणता येत नाही. सुचले ते एका दरबाराला, इतरांना नाही. शाहू महाराज त्या इतरांत होते.

१९१८ च्या जून महिन्यात या शिकारीने त्यांच्याकडून सर्वांत मोठी किंमत वसूल केली. धाकटे राजपुत्र शिवाजी महाराज तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. लग्नाला जेमतेम वर्ष झाले होते. हातकणंगले भागात कुंभोजजवळ रानडुकराच्या मागे घोडा घातला असताना ते पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. भाल्याच्या शिकारीत हा धोका नेहमीचाच. स्वाराची नजर खाली, जनावरावर. घोडा चौखूर उधळलेला. डुक्कर एकाएकी वळते, घोडा अडखळतो किंवा खळगा येतो, आणि स्वार डोक्यावर आपटतो. आज मोटारसायकलच्या अपघातात जे होते तेच. त्या काळी डोक्याला संरक्षण नव्हते आणि कवटीच्या आत रक्तस्राव झाला तर तो पाहण्याचे साधनही नव्हते. राजाघरीही नव्हते.

मागे राहिली अकरा-बारा वर्षांची विधवा सून, इंदुमती राणीसाहेब. त्या काळच्या राजघराण्यात अशा मुलीचे पुढे काय होई हे सांगायला नको. महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवायला घेतले. शिक्षक नेमले, सोबतीला मुली ठेवल्या आणि घरातल्या नाराजीला भीक घातली नाही. सुनेने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. १९१८ साली! इंदुमती राणीसाहेबांनी १९२५ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या, पण ते पाहायला महाराज नव्हते. वैद्यकीय शिक्षण राहून गेले. मात्र पुढे कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी मोठे काम उभे केले. घरच्या अनर्थातून रूढी मोडायची ताकद महाराजांत होती, याचा हा पुरावा. ज्या खेळात मुलगा गेला, तो खेळ मात्र त्यांनी सोडला नाही. सवय, दुःख विसरण्याचे साधन, की राजाला शोभणारे एवढे एकच मोकळे आयुष्य? चरित्रकारांनी आपापली उत्तरे दिली आहेत. रानात गेले की मानपान, दरबारी कुरबुरी आणि वेदोक्ताचे वाद मागे पडत, हे त्यातले सर्वांत पटण्यासारखे.

दोनच वर्षांनी त्याच हातकणंगले भागात, माणगावला, २१ व २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. महाराजांचा मुक्काम शिकारीसाठी जवळच होता आणि ते शिकारीतून मुद्दाम उठून परिषदेला गेले. आपण शिकार सोडून आलो आहोत, हे त्यांनी भर सभेत सांगितलेही. या समाजाला आंबेडकरांच्या रूपाने खरा पुढारी मिळाला आहे, हे त्यांनी तिथेच जाहीर केले. कुंभोज, रुकडी आणि माणगाव ही गावे एकमेकांपासून काही कोसांवर आहेत. एकाच माळावर एका माणसाच्या आयुष्यातले हे सगळे घडले.

शिकारीच्या परंपरेचा वाद आज सर्वाधिक तापतो तो देवमाशांवरून. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचे ठरवले आणि १९८६ पासून ते अमलात आले. उत्तर ध्रुवाकडच्या, पोटासाठी शिकार करणाऱ्या मूळ रहिवाशांना मात्र ठरावीक संख्येत मुभा राहिली. जपानने परंपरेचा दाखला देत २०१९ मध्ये आयोग सोडला. जपानच्या किनाऱ्यावरची शिकार खरोखर जुनी आहे. पण अंटार्क्टिकाच्या समुद्रात कारखान्यासारखी जहाजे घेऊन जाणे १९३० च्या दशकात सुरू झाले, त्याला परंपरा म्हणणे म्हणजे भावनगरहून आलेल्या चित्त्याला करवीरची परंपरा म्हणण्यासारखेच. फॅरो बेटांवर तर वेगळाच पेच. तिथे शतकानुशतके पायलट देवमासे किनाऱ्याकडे हाकून मारतात आणि मांस गावात वाटून खातात. त्या मांसात समुद्रातला पारा इतका साठलेला आढळला, आणि गरोदर मातांच्या पोटातल्या बाळांच्या मेंदूवर त्याचे परिणाम इतके स्पष्ट दिसले, की २००८ मध्ये तिथल्याच आरोग्य अधिकाऱ्यांनी ते माणसांनी खाऊ नये असा सल्ला दिला. परंपरेवर बाहेरच्यांनी टीका करणे वेगळे आणि घरच्या डॉक्टरांनी ताटाकडे बोट दाखवणे वेगळे. शिकार तरीही चालू आहे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने शाहू महाराजांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पूर्ण नव्हते. त्यांच्यामागे राजाराम महाराजांनी चित्त्यांची शिकार आणखी थाटात चालू ठेवली. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेली जनावरे काचेमागून आजही पाहायला मिळतात. शाळांच्या सहली येतात, मुले वाघाच्या दातांकडे बोट दाखवतात.

त्या शिकारीच्या रानांचे पुढे काय झाले, हे मात्र जिल्ह्याच्या दोन टोकांना जाऊन पाहावे लागते. पश्चिमेला, दाजीपूरच्या घाटमाथ्यावर, महाराज गव्यांच्या शिकारीला जात. ते रान दरबाराने शिकारीसाठी राखले होते. म्हणजे इतरांना तिथे कुऱ्हाड आणि बंदूक दोन्ही बंद. त्याच रानाच्या पायथ्याशी महाराजांनी १९०८ मध्ये मुलीच्या नावाने राधानगरी वसवली आणि पुढच्या वर्षी भोगावतीवर धरण बांधायला घेतले. १९१८ मध्ये पैशाअभावी काम थांबले आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले. धरणाचे पाणलोट क्षेत्र म्हणजे तेच जंगल. धरण गाळाने भरू नये तर डोंगरावर झाडे हवीत. शिकारीसाठी राखलेले रान अशा रीतीने पाण्यासाठीही राखावे लागले. १९५८ मध्ये ते गव्यांचे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते ३५१ चौरस किलोमीटरांचे राधानगरी अभयारण्य झाले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. गव्यांना बंदुकीइतकीच भीती गुरांच्या बुळकांडीची होती. १९६८ मध्ये बंडीपूरकडे या रोगाने गव्यांची दाणादाण उडवली होती. गावातल्या गुरांना लस टोचून टोचून तो रोग हटवला गेला आणि २०११ मध्ये जगातूनच संपल्याचे जाहीर झाले. गोठ्यातल्या गाईला टोचलेल्या सुईने रानातला गवाही वाचवला.

पूर्वेला उलट घडले. हातकणंगले, शिरोळ, कागलचे माळ हे काळविटांचे आणि चित्त्यांच्या धावांचे रान. ते कोणी राखले नाही. झाडे नाहीत म्हणून ते जंगल ठरले नाही. सरकारच्या दप्तरी गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन. पाणी आले आणि माळ उसाखाली गेला. त्यात वाईट काहीच नाही, महाराजांनी धरण बांधले ते याचसाठी. पण आज काळविटांचे कळप पाहायचे तर कोल्हापूरकराला सोलापूरजवळ नान्नजला किंवा अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरीला जावे लागते. काळवीट महाराजांच्या चित्त्यांनी संपवले नाहीत. चित्ता एका धावेत एक नर मारी. कळप संपला तो नांगराने, कुंपणाने आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे जीपमधून रात्री प्रकाशझोत टाकून केलेल्या बेसुमार शिकारीने. त्या शिकारीला कोणत्याही परंपरेचे नाव नव्हते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राजाची आणि पारध्याची शिकार अखेर एकाच पातळीवर आणली. राजांचे छंद तोवर तसेही संपले होते. पारधी गुन्हेगार जमातींच्या यादीतून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी सुटले खरे, पण हातात फास होता तो बेकायदा झाला आणि त्याऐवजी काय, याचे उत्तर सोनतळीसारखे फार थोड्या ठिकाणी मिळाले.

राधानगरीचा गवा आता रानाबाहेर येतो. उन्हाळ्यात पाणी आणि हिवाळ्यात हिरवा ऊस, दोन्ही त्याला खाली ओढतात. शेतकरी रात्री राखण करतात, वनखात्याकडे नुकसानीचे अर्ज करतात, पंचनाम्याची वाट पाहतात. डिसेंबर २०२१ मध्ये गवे चक्क कोल्हापूर शहराच्या हद्दीत आले. हजार किलोपर्यंत भरणारे हे जनावर गर्दी पाहून बुजते आणि बुजले की वाट फुटेल तिकडे धावते. त्याला पाहायला आणि मोबाइलवर टिपायला लोकांची झुंबड उडाली. गर्दी आवरताना वनखात्याच्या माणसांच्या तोंडाला फेस आला.